आधी ‘हो, जळाली’ म्हणा

पाटोद्यात तक्रार करायची सोय उरलेली नाही. विजेची डीपी जळाली म्हणावं, तर समोरचा म्हणतो, सकारात्मक विचार करा. टँकर आला नाही म्हणावं, तर विचारतो, तुमच्या मनात शंका होती का? गुडघा दुखतो म्हटलं की दुखणं मनाचंच असतं. पहाटे चहाच्या आधी मोबाइलवर उगवता सूर्य येतो आणि खाली मनाच्या अफाट शक्तीवर चार ओळी. पाठवणारे आपलेच पाहुणे, त्यामुळे बंदही करता येत नाही.

जोसेफ मर्फींचं अंतर्मनावरचं पुस्तक १९६३ सालचं, ‘द सिक्रेट’ २००६ सालचं. दोन्ही मराठीत आली, भरपूर खपली. त्यांतलं आपल्याकडे मुरलं ते एवढंच, की मनापासून मागा, मिळेल. मग मिळालं नाही, तर दोष कुणाचा? मागणाऱ्याचा. माझं भांडण इथे आहे.

पाटोदा तालुक्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला तर पैसे कापतात. पहाटेच्या थंडीत डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणाऱ्या बाईला गरिबी विचारांत असते असं सांगणं मला क्रूर वाटतं. याच तालुक्यातल्या सावरगावात १८९६ साली जन्मलेल्या भगवानबाबांनी या माणसांना कीर्तनातून नाम दिलं आणि पोरांना शिकवण्याचा आग्रहही धरला. त्या मोळीवाल्या बाईच्या हातात काही पडेल असं ते बोलणं होतं.

मनाची थोरवी मी नाकारत नाही. जांबच्या रामदासांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले. त्यांत ते मनाला विनवतात, दटावतात, कामाला लावतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर अर्जुनाने सरळ तक्रारच केली आहे, की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. त्यावर श्रीकृष्ण आधी ती तक्रार मान्य करतात, तुझं म्हणणं निःसंशय खरं आहे म्हणतात, आणि मगच अभ्यास आणि वैराग्याकडे वळतात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रवचनांतून नेमका तोच गळतो.

म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना, पाहुण्यांना कळकळीची विनंती आहे. डीपी जळाली म्हटलं की आधी ‘हो, जळाली’ म्हणा. मग अर्जावर सही करा आणि तो द्यायला माझ्याबरोबर चला. मन खंबीर कसं ठेवायचं, ते वाटेत सांगा, मी ऐकेन.