शेजारची लेन नेहमी पळते

सकाळी नऊच्या सुमारास पुण्याच्या नगर रस्त्यावर, वाघोलीच्या केसनंद फाट्यावर उभे राहून आखलेल्या लेन मोजाव्यात आणि मग वाहनांच्या रांगा. रांगा एक-दोनने जास्तच भरतात. खाणीवरून निघालेला खडीचा डंपर, सोसायट्यांना जगवणारा पाण्याचा टँकर, खराडीच्या आयटी पार्कची कॅब, शिरूरची एसटी आणि उरलेल्या फटींतून घुसणाऱ्या दुचाक्या. 2021 मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. वाघोलीकर मात्र अजून वाटेतल्या शास्त्रीनगरच्या सिग्नललाच आहे.

तो तिथे गप्प बसत नाही. लेन बदलतो.

2017 च्या केंद्रीय नियमावलीनुसार लेन बदलण्यापूर्वी इशारा द्यायचा आणि मागून कोणी येत नाही याची खात्री करायची. नगर रस्त्यावर इशारा दिला की मागचा हटकून गाडी पुढे रेटतो. त्याला बेत कळलेला असतो. म्हणून मुरलेला चालक बेत फुटू देत नाही. आधी बंपर घुसवतो, मग इंडिकेटर लावतो, तोही कधी उलट्या बाजूचा.

एवढा आटापिटा कशासाठी? तर शेजारची रांग जोरात पळते म्हणून. टोरोंटोचे डोनाल्ड रेडलमायर आणि स्टॅनफर्डचे रॉबर्ट टिबशिरानी यांनी 1999 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या समजुतीचा हिशेब मांडला. दोन्ही रांगांचा सरासरी वेग सारखा असला, तरी आपण मागे टाकतो त्या गाड्या झपकन निघून जातात. आपल्याला मागे टाकणाऱ्या मात्र बराच वेळ डोळ्यांसमोर सरकत राहतात. त्यामुळे आपलीच रांग रखडल्यासारखी वाटते. दोघांनी नगर रस्ता पाहिला नसावा. नाहीतर आकडेमोडीची गरज पडली नसती.

या भासाची किंमत बहुधा दुचाकीवाला मोजतो. डंपरचा चालक उजवीकडे, उंचावर बसतो. डाव्या दाराखालचा पट्टा त्याला नीट दिसत नाही आणि नेमका तोच पट्टा आपल्याकडे ‘शॉर्टकट’ मानला जातो. पुढे लोणीकंदकडे रस्ता मोकळा झाला की ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर कापते. आरशात पाहायचा कंटाळा तिथे फार महाग पडतो. 2022 मध्ये देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची.

डंपरपुढे माणसाचे काय होते, हे वाघोलीला सांगावे लागत नाही. डिसेंबर 2024 मध्ये याच केसनंद फाट्यावर एक डंपर थेट पदपथावर चढला. तिथे झोपलेल्या मजूर कुटुंबांतले तिघे गेले. त्यांत दोन लहानगी होती. चालक दारू प्यायलेला होता, असे पोलिसांनी सांगितले.

आता या कोंडीवर उपाय म्हणून पुणे ते शिरूर उन्नत मार्गाची योजना आहे. तो झाला की खालच्या कोंडीतला वाघोलीकर काच खाली करून वर पाहील आणि म्हणेल, ‘‘वरची लेन बघा कशी पळतेय!’’ वरचा त्याच वेळी खाली वाकून तेच म्हणत असेल.