नळीबाई, श्रेय तुमचंच!

श्रीमती नळीबाई रिस्ट्रेनर यांस,
मुक्काम : वेदनाशमनाची कुठलीही प्रयोगशाळा

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, ॲक्युपंक्चरनं उंदराच्या वेदना कमी होतात असं सांगणाऱ्या शोधनिबंधांत तुमची बोळवण बहुधा अर्ध्या ओळीत होते : 'उंदरांना रिस्ट्रेनरमध्ये ठेवले.' बस्स! राबायचं तुम्ही आणि शाल-श्रीफळ सुईला? हा अन्याय आम्हांला बघवेना.

तुमचं काम आम्ही जाणतो. पारदर्शक प्लास्टिकची नळी. उंदीर शेपटीला धरून उचलायचा, डोक्याकडून आत सारायचा, मागून अडसर लावायचा. बाहेर राहतात फक्त मागचे पाय आणि शेपूट. मग गुडघ्याखाली 'झूसानली' बिंदूवर सुया, सुयांना तारा, तारांतून अर्धा तास वीज. शेवटी शेपटीवर दिव्याचा तापता झोत टाकून ती किती सेकंदांनी झटकली जाते ते मोजायचं. ही चाचणी १९४१पासूनची. शेपूट उशिरा हलली की सुई जिंकली!

त्या अर्ध्या तासात आतल्या जिवाला वळता येत नाही, पळता येत नाही. अशा वेळी मेंदू स्वतःचीच अफू सोडतो. जीव वाचवायचा असताना दुखणं मागे टाकण्याची ही निसर्गाची सोय आहे. १९८०मध्ये लॉस एंजेलिसच्या लीबेस्किंड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पायांना ३० मिनिटं थांबून-थांबून विजेचे धक्के दिले. वेदना बोथट झाली आणि अफूचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर हा बोथटपणा ओसरला. पायांना वीज, अर्धा तास वेळ, नॅलॉक्सोनची साक्ष, सगळं तेच. फक्त सुई नव्हती, म्हणून त्यांनी त्याला 'तणाव' म्हटलं. सुई असती तर उपचार म्हटलं असतं!

आता कुणी म्हणेल, १९७६मध्ये टोरांटोत पोमेरान्झ यांनी नॅलॉक्सोननं ॲक्युपंक्चरचा परिणाम थांबतो हे दाखवलंच होतं ना? दाखवलं होतं. पण नॅलॉक्सोन फक्त अफूचं कुलूप अडवतं. किल्ली सुईनं आणली की भीतीनं, हे ते विचारत नाही.

तुमची भावकीही कर्तबगार. २०१०मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांना दिसलं की शेपटीला धरून उचललेले छोटे उंदीर माणसाचा हात टाळतात, तर ओंजळीत किंवा नळीतून उचललेले आपणहून जवळ येतात. ती नळी तुमच्याच कुळातली, पण तिची दोन्ही तोंडं उघडी होती. २०१४मध्ये माँट्रियलच्या मोगिल यांच्या गटानं तर कहर केला : पुरुषानं अंगात घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरी त्याच्या वासाच्या तणावानं उंदरांचं दुखणं कमी दिसलं. म्हणजे घामट टी-शर्टलाही वेदनाशमनाची पदवी द्यायला हरकत नाही.

सुई निरुपयोगी आहे, असं आमचं म्हणणं नाही. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानं तोडली असं लिहू नये. चांगल्या प्रयोगशाळा उंदरांना आधी काही दिवस तुमची सवय लावतात. नळीत ठेवलेला पण सुई न टोचलेला एक गट ठेवतात, बिंदू सोडून भलतीकडे तेवढीच वीज दिलेला दुसरा ठेवतात आणि शेपटीचे सेकंद मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळू देत नाहीत. उंदीर कसा उचलला, किती वेळ कोंबला, हेही त्या छापतात.

वाचकहो, यापुढे 'उंदरावर सिद्ध झालंय' असं कुणी सांगितलं, तर आधी नळीतल्या, सुई न टोचलेल्या उंदराचा आकडा मागा. तो नसेल, तर त्या निबंधाच्या शीर्षकातून ॲक्युपंक्चर खोडा आणि तिथं नळीबाईंचं नाव लिहा.

कळावे. लोभ असावा, पण जरा सैल असावा.

आपला,
एक शंकेखोर वाचक