सोडला म्हणजे सोडला

आमच्या बी विंगमधल्या काकांनी आजवर पुष्कळ गोष्टी सोडल्या आहेत. तंबाखू सोडली, साखर सोडली, भात सोडला, रात्रीच्या बातम्या सोडल्या. एका दिवाळीत तर चिडणंसुद्धा सोडलं होतं. त्यातलं सुटलं काय, ते विचारू नका. काकांचा सगळा उत्साह सोडण्यात असतो, सुटण्यात नाही. प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. सोडायला त्याला वस्तू कोणतीही चालते, साक्षीदार मात्र लागतात. मनाशी ठरवून गुपचूप एखादी गोष्ट बंद करणं त्याला चोरी केल्यासारखं वाटतं.

चहाची घोषणा भाईंदरला जेसल पार्कच्या चौपाटीवर झाली. चौपाटी म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाळू आणि भेळ दिसते. आमच्याकडे वसईची खाडी आहे: भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, काठाला तिवरं आणि डाव्या हाताला रेल्वेचा पूल. सकाळी तीन फेऱ्या मारायच्या आणि मग टपरीवर कटिंग घ्यायचं, असा आमच्या पाचसहा जणांचा व्यायाम. त्या दिवशी टपरीवाल्याने सवयीने ग्लास पुढे केला आणि काकांनी लाच नाकारावी तसा हात वर केला.

"काल रात्री साडेनऊला शेवटचा घेतला. आता सोडला म्हणजे सोडला."

टपरीवाल्याने तोच ग्लास मला दिला. त्याला त्यात इतिहास वगैरे काही दिसला नाही.

काकांचा चहा ही साधी बाब नव्हती. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी पूर्ण कप असा कधी घेतलाच नाही. दर वेळी "अर्धाच दे हं." फक्त वेळा चौदा. एक उठल्यावर, एक तोंड धुतल्यावर, एक पेपर आल्यावर, एक पेपरातलं वाचून डोकं फिरल्यावर. निवृत्त होताना ऑफिसातून निरोपाचं घड्याळ मिळालं, त्याच्यासोबत ऑफिसातले पाच अर्धेही ते घरी घेऊन आले. रात्री झोप लागेना आणि आंबट ढेकर थांबेनात, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चहा जरा कमी करा."

'कमी' हा शब्द काकांना कळत नाही. काकू म्हणाल्या, "मग करा ना कमी. चौदाचे दहा करा, दहाचे सहा."

"तसलं काटकसरीचं काम आपल्याला जमत नाही. एक घाव दोन तुकडे!"

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपलं छोटं पातेलं गॅसवर चढवलं. काकूंचा चहा नेहमीच वेगळा होतो. का, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

मुहूर्तही काकांनी मोठा धरला होता. त्याच दिवशी जैनांचं पर्युषण सुरू होत होतं आणि समोरच्या ब्लॉकमधल्या बेन अठ्ठाईला बसल्या होत्या. आठ दिवस अन्नाचा कण नाही, उकळून गार केलेलं पाणी तेवढं, तेही सूर्य आहे तोवर. अठ्ठाई पुरी झाली की भाईंदरात बँड लावून मिरवणूक निघते. काकांनी ते हिशेबात धरलं असावं, असा माझा संशय आहे.

पहिला दिवस दुपारपर्यंत झोकात गेला. शेवटच्या चहाला बारा ते चोवीस तास उलटले की शरीर चौकशी सुरू करतं. काकांच्या शरीराने बरोबर तीन वाजता दार वाजवलं. आधी कपाळात, मग डोळ्यांमागे, मग मानेपर्यंत ठणका. लिफ्टमध्ये सी विंगमधली फार्मसी शिकणारी मुलगी भेटली.

"काका, हे होणारच. तुम्ही विरार लोकलने जायचात ना?"

"तीस वर्षं. त्याचं काय?"

"दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन साठतं. ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफीन दिसायला साधारण तसंच. ते आधी चढतं आणि त्या जागेवर रुमाल टाकतं. ॲडेनोसिन बिचारं दारात लोंबकळत राहतं आणि तुम्हाला वाटतं, आपल्याला तरतरी आली. मग मेंदू काय करतो, रोजची गर्दी बघून बाकडी वाढवतो. आणि एक दिवस रुमालवाला येतच नाही."

"मग?"

"मग दारातले सगळे आत घुसतात आणि पाय पसरून बसतात. शिवाय कॅफीनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळून धरलेल्या असतात, त्या सैल पडतात. रक्ताचा ओघ वाढतो. म्हणून डोकं दुखतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या पुस्तकात २०१३ पासून याची रीतसर नोंद आहे."

काकांचं डोकं ठणकत होतं, पण चेहरा उजळला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं की बी विंगच्या काकांना जे झालंय ते अमेरिकेच्या पुस्तकात आहे.

दुसरा आणि तिसरा दिवस कठीण. विसाव्या तासापासून पन्नासाव्या तासाच्या आसपासपर्यंत हा त्रास ऐन भरात असतो. काकांनी वॉचमनला "सलाम का केलास?" म्हणून झापलं. पेपरातला एकच मथळा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्यांना तो नवा वाटला. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, तोही काकूंना. अंग असं मोडून आलं की तापाची साथ आहे का, म्हणून त्यांनी चार घरी चौकशी केली. संध्याकाळी सोसायटीची सभा होती. काका पहिल्या रांगेत बसले आणि त्यांना डुलकी लागली. डुलकीत मान खाली गेली, ती सेक्रेटरींनी अनुमोदन म्हणून लिहून घेतली. आमचा देखभाल खर्च त्या मानेने वाढला.

सकाळच्या कार्यक्रमाचा तर बोजवाराच उडाला. मराठी माणसाचं पोट घड्याळावर चालत नाही, पहिल्या कपावर चालतं. काका आत गेले. पेपर संपला, पुरवणी संपली, छोट्या जाहिरातीही वाचून झाल्या. बाहेर आले ते भाईंदर ते विरार पट्ट्यातल्या जागांचे भाव पाठ करूनच.

चौथ्या दिवशी काका टवटवीत दिसले. चौपाटीवर मला थांबवून म्हणाले, "सगळा मनाचा खेळ असतो. एक साधी डोकेदुखीची गोळी घेतली. अर्ध्या तासात खडखडीत!" ती मुलगी मागून येतच होती. तिने गोळ्यांची पट्टी मागून घेतली, उलटी केली आणि बारीक अक्षर वाचलं.

"काका, यात कॅफीन आहे. पन्नास मिलिग्रॅम."

"म्हणजे किती?"

"साधारण एक कप चहा."

काका खाडीकडे बघत राहिले. ओहोटी होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे मी चहा पाण्याबरोबर गिळला?"

त्यांनी ग्रीन टीचं खोकंही आणलं होतं. तोसुद्धा चहाच्याच झाडाचा पाला आणि त्यातही कॅफीन असतं, हे सांगायचं धैर्य त्या दिवशी कुणाला झालं नाही.

पाचव्या दिवसापासून काकांना चहाचा इतिहास लागला. "हे व्यसन आपलं नव्हेच. इंग्रजाने १९०३ साली चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार केला. पुढे पुढे तर गावोगाव चहा उकळून फुकट पाजला. आजोबाला फुकट दिला, नातवाकडून वसूल करतायत!" मग गांधीजी आले. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी १९४२ मध्ये 'आरोग्याची किल्ली' लिहायला घेतलं, त्यात चहा, कॉफी, कोको नकोत असं सांगितलं. "पुण्यात बसून!" काका दर वेळी ठासून म्हणत. चहूकडे अमृततुल्य असताना हे लिहायला काय छाती लागते, हा त्यांचा मुद्दा. तो मलाही पटला.

पण खरी पंचाईत दुसऱ्यांच्या घरी व्हायची. आपल्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे यजमानालाच नाही म्हणणं. "अर्धा कप तरी", "निदान दूध", "निदान सरबत", "मग आलात कशाला?" अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी विरोधी पक्ष सरकारच्या चहापानावर बहिष्कार घालतो, तेव्हा तो एकदाच पत्रकार परिषद घेऊन मोकळा होतो. काकांना ती प्रत्येक घरात घ्यावी लागे. ॲडेनोसिनपासून आगाखान पॅलेसपर्यंत. ती संपेपर्यंत यजमानांचा चहा गार होई.

खोटं कशाला बोलू, सहाव्या-सातव्या दिवशी काका खरोखरच सुधारले. ढेकर थांबले. रात्री दहाला पडले की सकाळी साडेपाचलाच जाग. त्यांचं घोरणं ए विंगपर्यंत जायचं. हा त्रास दोन ते नऊ दिवसांत ओसरतो, त्याप्रमाणे तो ओसरला होता. शरीर मोकळं झालं, पण दुपारचे चार काही सुटेनात. चार वाजले की काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. काकू छोट्या पातेल्यात आलं किसायच्या, गवती चहाची दोन पाती मुडपून टाकायच्या. आधण उकळायला लागलं की काका डोळे मिटून वाफ घ्यायचे. सर्दी झाल्यासारखे. मग बाहेर येऊन रिकाम्या हाताने पेपर धरायचे. कपाशिवाय पेपर कसा धरतात, ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

आठवा दिवस गणेश चतुर्थीचा. पर्युषणाच्या शेवटाची संवत्सरीही त्याच दिवशी आली होती. काकांकडे दीड दिवसाचा गणपती असतो. संध्याकाळी व्याही आले. मोठ्या पातेल्यातला चहा झाला, सून ट्रे घेऊन बाहेर आली. काकांनी घसा साफ केला आणि १९०३ पासून सुरुवात केली. व्याह्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही घेतल्याशिवाय मीही घेणार नाही."

खोली शांत झाली. लेकीच्या सासऱ्यांनी गणपतीच्या दिवशी चहा न घेता उठून जावं? काकांनी एकदा बाप्पाकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि म्हणाले, "अर्धाच दे हं."

अर्ध्यावर अर्धा, त्यावर आग्रहाचा. आणि मग त्यांना कळलं की मधल्या आठ दिवसांत मेंदूने जादा बाकडी उचलून ठेवली आहेत. एरवी चौदा वेळा पचवणाऱ्या माणसाला तीन अर्ध्यांनी रात्रभर जागवलं. संध्याकाळी सातला पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं मध्यरात्रीलाही शरीरात फिरत असतं. काकांनी त्या रात्री बाप्पासमोरची समई तीनदा सारखी केली, मखराच्या माळांतले दिवे मोजले आणि पहाटे टक्क डोळ्यांनी गॅलरीत येऊन बसले. सकाळी खाली बँड वाजला. बेनची अठ्ठाई पुरी झाली होती. गळ्यात हार घालून त्या शांतपणे गाडीत बसल्या. आठ दिवसांत त्यांनी उपवासाबद्दल कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. जे सांगायचं ते बँडने सांगितलं. काका वरून बघत होते आणि त्यांच्या हातात कप होता.

संध्याकाळी आम्ही खाडीवर विसर्जनाला गेलो. आरती झाली, मूर्ती पाण्यात गेली, प्रसाद वाटला. काकूंनी थर्मास उघडला, शिवाय पिशवीतून छोटी बाटली काढली. अंधारात मी भलताच कप उचलला. घोट घेतला: दूध, आलं, गवती चहा, गरमागरम. पण चहा कुठेच नाही.

"काकू, पावडर टाकायची राहिली वाटतं."

"तू माझा कप उचललास."

"तुमच्यात पावडर नसते?"

"दोन वर्षं झाली. रक्त कमी आलं होतं. डॉक्टर म्हणाले, चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. मग दर आठवड्याला चिमूटभर पावडर कमी करत गेले. दोन-तीन महिन्यांत संपली."

"आणि डोकं?"

"डोक्याला कळलंच नाही."

"काकांना माहीत आहे?"

पुलावरून विरार लोकल धडधडत गेली. ती जाईपर्यंत काकू थांबल्या. मग कप विसळत म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात?"

काका हल्ली दिवसाला दोन कप घेतात. पूर्ण. दोन्ही दुपारी दोनच्या आत. झोप बरी लागते आणि कुणी विचारलं तर "चहा सोडला" म्हणून सांगतात. तुमचाही तसा विचार असेल तर काकूंच्या पद्धतीने सोडा: चिमूट चिमूट, गुपचूप. ते नाहीच जमलं तर काकांच्या पद्धतीने सोडा. त्यात तुमचं डोकं दुखेल, पण बिल्डिंगची आठ दिवस करमणूक होईल.