बुरशीवाले सर

पावसाळ्यात लोक कपाटात डांबरगोळ्या ठेवतात. हे सर दुसऱ्यांची कपाटं उघडून आत नाक घालतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बहुतेक विभागांत असा एक नमुना असतोच. खिशात कोरी पिशवी, नजर जमिनीवर. कुजका ओंडका नाहीतर भिजलेली पऱ्हाटी दिसली की स्वारी बसलीच उकिडवी. लोणच्यावरच्या बुरशीला ते मोजत नाहीत. "आयतखाऊ जात! सेल्युलोज पचवून दाखव म्हणावं."

घरच्यांना धीर कसा द्यावा, तेही त्यांनाच ठाऊक. "पैठणीची काळजी नको, रेशीम म्हणजे प्रथिन. सुती साड्या म्हणजे सेल्युलोज, त्यांचं मात्र सांगता येत नाही." भाच्याची विटकी, महागडी जीन्स बघून तर त्यांना भरूनच येतं. दगडांनी घासण्याऐवजी हल्ली ती अनेकदा विटवतात सेल्युलेज हे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम वापरून, आणि ते बनवतो सरांचाच माणूस!

हा माणूस म्हणजे ट्रायकोडर्मा रीसेई ही बुरशी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी फौजेचे सुती तंबू आणि कपडे सडायला लागले, त्यातून हा सापडला. सड थांबवायची कशी, म्हणून फौजेनं अभ्यास सुरू केला आणि शेवटी सडवण्यातच जगाला पारंगत केलं. एल्विन रीस या संशोधकाचं नाव बुरशीला 1977 मध्ये मिळालं. "लोक रस्त्याला नाव द्या म्हणतात," सर म्हणतात, आणि पुढचं बोलत नाहीत. स्वतःच्या नावाची बुरशी अजून सापडायची आहे.

एका लग्नात तर त्यांनी स्टेजवरच वर्ग घेतला. "एक एन्झाइम सेल्युलोजची साखळी मधूनच तोडतं. दुसरं टोकापासून ग्लुकोजच्या जोड्या काढत जातं. तिसरं जोडी फोडतं. ट्रायकोडर्मात हे तिसरंच कमी. मग जोड्या साचतात आणि सगळं काम तुंबतं! अशा वेळी अ‍ॅस्परजिलस नायगर आणावा लागतो, तो जोड्या फोडण्यात पटाईत." नवरी नवऱ्याकडे बघायला लागली. वरमाई म्हणाल्या, "सर, पंगत बसलीय."

प्रयोगशाळेत मात्र चेष्टा नाही. व्हॉटमन एक नंबरच्या कागदाची एक बाय सहा सेंटिमीटरची पट्टी, वजन पन्नास मिलिग्रॅम, एन्झाइमच्या द्रावणात पन्नास अंशांवर बरोब्बर एक तास. मग साखर दाखवणारं डीएनएस हे रसायन घालून पाच मिनिटं उकळायचं. पिवळं द्रावण तांबूस झालं की साखर सुटली. विद्यार्थी घड्याळाकडे बघतात, सर नळीकडे, प्रसूतिगृहाबाहेरच्या बापासारखे.

यंदा लेखापरीक्षक आले. "एवढा फिल्टर पेपर घेतलात, तो आहे कुठे?"

"त्याची साखर झाली," सर अभिमानानं म्हणाले.

लेखापरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "मग साखरेची नोंद साठा-नोंदवहीत का नाही?"