प्लगवाले भाऊ

वऱ्हाडातल्या कुठल्याही कॉलनीत एक तरी भाऊ असतातच. अकोल्यात ते गोरक्षण रोडच्या आतल्या गल्लीत सापडतील, अमरावतीत राजापेठेकडे. जिल्हा परिषदेतून, बँकेतून, नाहीतर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. पोट, पक्ष आणि पेन्शन वेगवेगळं. पण रविवारी सकाळी आठ वाजता बनियनवर, खांद्यावर दुपट्टा टाकून, गाडीच्या उघड्या बॉनेटात कमरेपर्यंत शिरलेला माणूस दिसला की ओळख विचारावी लागत नाही. ते प्लगवाले भाऊ.

जगातल्या सगळ्या बिघाडांवर भाऊंकडे एकच प्रश्न असतो. शेजारच्या पोट्ट्याची बाईक धक्के खाऊ लागली, “प्लग पाह्यला का?” भाचा शेतावर फवारणीचा पंप ओढून ओढून घामाघूम झाला, “प्लग पाह्यला का बे?” नगरपालिकेच्या नळाला चार दिवस पाणी आलं नाही तेव्हाही हा प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आला होता, पण वहिनी समोर होत्या म्हणून भाऊंनी तो गिळला.

हे वेड अंगात शिरलं ते चेतकच्या काळात. बजाजची चेतक 1972 साली आली, आणि पुढची वीसेक वर्षं वऱ्हाडी मध्यमवर्ग तिच्यावरून शाळेत, कचेरीत आणि सासुरवाडीला गेला. टू-स्ट्रोक इंजिन ते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. सगळं ऑइल काही जळत नसे. न जळलेलं काजळी होऊन प्लगच्या टोकावर बसे, तिथली फट बुजली की ठिणगी बंद आणि ठिणगी बंद की स्कूटर बंद. त्यामुळे अकोल्याहून अमरावतीला निघालेला माणूस शंभरेक किलोमीटरांत बोरगाव मंजूला थांबे, नाहीतर मूर्तिजापूरला, आणि ऑइल मोजताना हात सैल सुटला असेल तर दोन्हीकडे. डिक्कीत फडक्यात गुंडाळलेला मायकोचा जादा प्लग असे, सोबत एकवीसचा प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा. स्कूटर स्टँडवर घ्यायची, प्लग काढायचा, घासायचा, फुंकायचा, टोपीत बसवून इंजिनच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी दिसली की रस्त्याकडेला जमलेले चार अनोळखी लोकसुद्धा “आली, आली” म्हणत.

प्लग काढता येणं ही त्या काळात पदवीच्या खालोखालची पात्रता होती. भाऊ नवविवाहित असताना पत्नीला घेऊन अंबादेवीच्या दर्शनाला निघाले, तेव्हा बडनेऱ्याच्या अलीकडे स्कूटर बंद पडली. वहिनींनी पदरात काळाकुट्ट प्लग धरला आणि भाऊंनी तीन मिनिटांत गाडी सुरू केली. आपल्या संसाराचा पाया तिथे घातला गेला, असं भाऊ सांगतात. वहिनींच्या मते तिथे पैठणीची वाट लागली. प्रसंग एकच, इतिहासकार दोन.

मग फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. प्लग वर्ष वर्ष खराब होईनात आणि भाऊंना रविवार जाता जाईना. 2003 साल मात्र त्यांना सुखाचं गेलं. त्या वर्षी बजाजच्या पल्सरला एका सिलिंडरमागे दोन प्लग आले आणि होंडा सिटीच्या चार सिलिंडरांना आठ. भाऊंच्या साहेबांनी ती सिटी घेतली होती. आठ प्लग आहेत हे कळल्यावर भाऊ आठवडाभर साहेबांशी अकारण गोड बोलत होते. साहेबांना वाटलं, बढती हवी असेल. भाऊंना फक्त एकदा बॉनेट उघडून हवं होतं.

आता भाऊंच्या दारात हायब्रिड उभी आहे. 2022 ची हायरायडर, एमएच 12 पासिंगची, मुलाच्या पुण्यातल्या मित्राकडून घेतलेली. घेण्याचं कारण एकच, मायलेज. कागदावर लिटरला 27.97 किलोमीटर. व्यवहार ठरायच्या आधी भाऊंनी फक्त एक शंका काढली, “ते 28 काऊन नाई केलं? तीन कुठं गेले?” पॉइंटनंतरचे ते तीन शतांश कुणी दिले नाहीत, पण गाडी आली.

पहिल्या रविवारी बॉनेट उघडून भाऊ उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. अल्टरनेटर शोधला, नाही. इंजिन फिरवायला नेहमीचा स्टार्टर असतो, तोही नाही. ते काम हायब्रिड यंत्रणेतली जनरेटर-मोटरच करते. क्लच नाही. क्लच नाही म्हणून क्लचची केबल नाही, आणि केबल नाही म्हणून तिला ऑइल सोडायचा प्रश्न नाही. जिकडे हात घालावा तिकडे केशरी रंगाच्या जाड वायरी. मुलाने फोनवर बजावलं, “बाबा, केशरी वायरीला हात लावायचा नाही. पावणेदोनशे व्होल्टची बॅटरी आहे, आणि इन्व्हर्टरमधून ते आणखी वाढतं.” चेतकच्या प्लगच्या टोपीने दिलेले झटके भाऊंनी उमेदीच्या वयात हसत सोसले होते, त्यांची ठिणगीही हजारो व्होल्टची असे, पण क्षणभराची. ही बॅटरी माणसाला गोष्ट सांगायला मागे ठेवत नाही. भाऊंनी हात मागे घेतला. मग बराच वेळ शांतपणे पाहत राहिले आणि शेवटी इंजिनावरच्या प्लास्टिकच्या झाकणावर बोट ठेवून म्हणाले, “याच्या खाली प्लग तर असतीन?”

होते. पेट्रोलचं इंजिन आहे तोवर प्लग आहे. एवढ्या मोठ्या गाडीत भाऊंच्या वाट्याला तेवढीच वीतभर जागा उरली होती, आणि वऱ्हाडी माणूस वाट्याचा बांध सोडत नाही.

खरं तर प्लग बदलायची काही गरज नव्हती. हे इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर चालावेत अशा बेताने बनवलेले असतात. गाडी झाली होती साठ हजार. त्यातही गावातल्या गर्दीत इंजिन बंद राहून बॅटरीच गाडी ओढते, म्हणजे प्लगची नोकरी मीटरवर दिसते त्याहून कमीच झालेली. पण भाऊंनी हा हिशेब उलटा लावला. “जो मानूस मधातच झोपते अन् मधातच उठते, त्याची तब्येत आधी पाह्यली पाह्यजे.”

तयारीला दोन रविवार गेले. जुना एकवीसचा पाना प्लगच्या भोकात शिरेना. सोळाचा आणला, तोही नाही. चौदाचा, पातळ भिंतीचा लागतो हे तिसऱ्या फेरीत कळलं. पुस्तकात लिहिलं होतं, इंजिन पूर्ण गार झाल्यावरच प्लग काढावा. डोकं ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना ओढाताण केली की आटे जातात. ही अट लिहिणारा माणूस मे महिन्यात अकोल्याला आलेला नसावा. पारा 45 वर असताना इथे बंद गाडीचं स्टिअरिंगही धरवत नाही. शेवटी भाऊंनी पहाटे साडेपाचचा मुहूर्त धरला.

पहाटे साडेपाचला कॉलनीत कुणी नसतं हा भाऊंचा अंदाज चुकला. मॉर्निंग वॉकची अख्खी समिती फाटकाशी थबकली. निवृत्त तलाठी, निवृत्त हेडमास्तर आणि एक सध्या काहीच न करणारे.

“काय करून राह्यले भाऊ?”

“प्लग.”

एवढ्यावर तिघांनी चपला काढल्या आणि पायरीवर बैठक मारली.

भाऊ किल्ली घरात ठेवून आले. हायब्रिड चालू अवस्थेत असेल तर इंजिन स्वतःच्या मर्जीने कधीही सुरू होतं आणि आत हात असलेल्या माणसाची परवानगी घेत नाही, हे त्यांनी नीट वाचलं होतं. बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची तार सोडली. झाकण काढलं. दहाच्या पान्याने कॉइल सोडवल्या. एक, दोन, तीन. चौथी शोधू लागले. आरशाने पाहिलं, मोबाइलच्या उजेडात पाहिलं.

“चौथा प्लग नाई.”

समितीत गंभीर शांतता पसरली. हेडमास्तर हळूच म्हणाले, “पुन्याची गाडी ना? इकून टाकला असन.” तलाठ्यांनी सातबारा पाहावा तसं आरसीचं पुस्तक मागवलं. भाऊंनी मुलाला फोन लावला. सकाळी सहाला दचकून उठलेल्या मुलाने सांगितलं, “बाबा, तीनच सिलिंडर आहेत तिला.” भाऊंना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही, एक प्लग कमी म्हणजे पाव आनंद कमी.

जुने प्लग निघाले. फिकट तपकिरी, कोरडे, निरोगी. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय, आणि फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. भाऊंनी ते बराच वेळ निरखले. सवयीने खिशातला पॉलिश पेपर निघाला, पण इरिडियमचं टोक इतकं बारीक असतं की घासलं तर तेच जातं. पेपर खिशात परत गेला.

नवे प्लग बसवताना भाऊंचा खरा हात दिसला. पान्याला ताकद न लावता नुसत्या बोटांनी पहिले आटे धरले. अडलं की उलट फिरवून पुन्हा. तिरपा बसलेला प्लग जोराने कसला तर डोकंच बदलावं लागतं. नंतर पान्याने घट्ट, पण बेताने. तिथे समितीही बोलली नाही. जाणत्या हाताला वऱ्हाडात मान आहे.

कॉइल बसल्या, झाकण बसलं, तार जोडली, घरातून किल्ली आणली. भाऊंनी ब्रेक दाबून बटण दाबलं. काहीच आवाज नाही.

“नाई झाली चालू,” तलाठी म्हणाले.

पुन्हा बंद करून पुन्हा दाबलं. आवाज नाही. भाऊंच्या कपाळावर घाम. सध्या काहीच न करणारे गृहस्थ तेवढ्यात म्हणाले, “प्लग पाह्यला का?” भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चपला घालू लागले. त्या तावातच भाऊंनी गिअर डी वर टाकला, आणि आवाज न करता गाडी चक्क पुढे सरकली. समिती तुळशी वृंदावनाच्या मागे गेली. बॅटरी भरलेली होती. गाडी मघापासूनच चालू होती, इंजिनाला उठायची गरज वाटली नव्हती.

मग नवाच पेच. इंजिन लागल्याशिवाय प्लग चालतात की नाही ते कळणार कसं? समिती मागच्या सीटवर बसली आणि गाडी अमरावतीच्या वाटेला लागली. हा राष्ट्रीय महामार्ग 53; अमरावती ते अकोला टप्प्यात 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज बुकात गेलेला. वेग वाढवताच इंजिन लागलं, इतकं अलगद की फक्त भाऊंना कळलं. तरी खात्रीसाठी मूर्तिजापूर गाठलं. तिथे हेडमास्तरांनी शकुंतला रेल्वेचा विषय काढला. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत चाललं. “त्याले प्लगच नव्हता,” भाऊ तुटकपणे म्हणाले आणि विषय संपला. निघालोच आहोत तर म्हणून अमरावतीत गिला वडा खाऊन मंडळी दुपारी परतली.

वहिनींनी हिशेब मांडला. तीन पाने, तीन प्लग, पेट्रोल आणि चौघांचे वडे. गॅरेजवाल्याची मजुरी एवढ्यात चारदा झाली असती. भाऊंनी हिशेबाला हरकत घेतली नाही. आपल्या हाताला कळणारी वस्तू घरात एक तरी असावी, याची किंमत वहीत बसत नाही, हे त्यांना सांगता आलं नाही एवढंच. टीव्ही उघडत नाही, मोबाइल उघडत नाही, नातवाच्या खेळण्यालाही स्क्रू नसतो.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. “बाबा, पुढच्या वेळी सरळ इलेक्ट्रिकच घेऊ. इंजिन नाही, ऑइल नाही, प्लगची कटकट नाही.”

भाऊ जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “थे ठीक आहे रे. पन मंग रविवारी मानसानं करावं काय?”