एवढं पान संपू दे

आमच्या घरात रविवार गुरुवारी येतो. भोसरी-पिंपरीकडे यात कुणाला नवल वाटत नाही. सगळ्या कारखान्यांचा विजेचा भार एकाच दिवशी नको, म्हणून कधीकाळी सुट्ट्या वाटून दिल्या गेल्या आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे यांची सुट्टी गुरुवारी, पोरांची रविवारी, आणि माझी म्हणाल तर लाइट जाईल तेव्हा.

मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. ‘प्रेस चालू असताना हात आत घालू नये’ हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा लिहिलंय, की धाकट्यानं मिक्सरकडे हात नेला तरी तोंडातून ‘नये’च निघतं. उरलेल्या वेळात कथा लिहिते. उरलेला वेळ म्हणजे कोणता, ते विचारू नका. विचार करण्यात तोही जाईल. मागे ओळखीच्या एका संपादकांनी फोनवर विचारलं, “सध्या काय वाचताय?” मी खरं तेच सांगितलं, “खोकल्याच्या औषधाची बाटली.” ते हसले. मला मात्र दिवसातून किती वेळा पाच मिली, ते अजून सापडत नव्हतं.

असं नव्हतं हो पूर्वी. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत एकोणनव्वदावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी दोन पिशव्या भरून पुस्तकं घेतली होती. पिशव्यांचे बंद बोटांत रुतले होते, तरी रिक्षात बसल्या बसल्या एक उघडलंच. त्याच वर्षाच्या शेवटी थोरली झाली. म्हणजे ती पुस्तकं आणि ती एकाच वयाची. ती चौथीत गेली. पुस्तकांतली निम्मी अजून बालवाडीतच आहेत. एकात तर तेव्हाचं बिल जिथं ठेवलं होतं तिथंच आहे, पान सतरा.

तरी मी हार मानलेली नाही. कंपनीत दहा मिनिटांचा टी-ब्रेक असतो, तसा मी स्वतःला मंजूर करून घेतला आहे. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत दीड पान होतं. डाळ असेल तर दोन, राजमा असेल तर प्रकरण. (या घरात राजमा वरचेवर का होतो, हे यांना अजून कळलेलं नाही.) खूण म्हणून पुस्तकात काहीही जातं: पाळणाघराची पावती, रिकामी गोळ्यांची पट्टी, एकदा तर कढीपत्त्याची डहाळी. तीन महिन्यांनी ते पान उघडलं, तर कथेतल्या विधवेच्या घराला फोडणीचा वास येत होता.

परवा धाकट्यानं माझी चालू कादंबरी अंघोळीच्या बादलीत सोडली. आमच्या इंद्रायणीनं तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी कोरडी परत केली म्हणतात. मी तेरा सेकंदांत बाहेर काढली, तरी ती भिजवलेल्या खारीसारखी फुगली होती. मग शाळेच्या गणवेशाशेजारी दोरीवर, दोन चिमटे लावून. दुपारी मी गॅलरीत मान वाकडी करून, वाऱ्यानं जे पान उलटेल ते वाचत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय गं, मानेला काही झालंय का?”

पोरांना वाचून दाखवते तेही माझ्याच खात्यावर मांडते मी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, आणि आमची मावशीही फुरसुंगीची. त्यामुळे थोरली दर दोन पानांनी थांबवते: तो मावशीकडे का जात नाही? याचं उत्तर भागवतांनी दिलेलं नाही. आणि पंधरा ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन मात्र माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही. त्या दिवशीचं ‘वाचनाचे महत्त्व’ हे भाषण लिहून देण्यात, ते पाठ करून घेण्यात आणि कलामसाहेबांचं चित्र चिकटवण्यात आदल्या दिवशीची माझी वाचायची दुपार जाते.

अशा वेळी मला देहूची आठवण येते. तुकोबा घर सोडून डोंगरावर जात, कधी भंडाऱ्याला, कधी भामचंद्राला. पूर्वीच्या संतांची वचनं आपण पाठ केली, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे एकांत लागतोच. त्यांना नावं ठेवायची माझी बिशाद नाही. पण भंडाऱ्यावर भाकरी घेऊन कोण चढत होतं? जिजाई. घरात पोरं, व्यापार बुडालेला, नवरा डोंगरावर. वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला खुद्द विठ्ठल आला, अशी कथा आहे. एवढं होऊनही कजाग ठरली तीच! मी पुस्तक उघडते तेव्हा तुकोबांच्या बाजूची असते आणि कुकर उतरवते तेव्हा जिजाईच्या. दोघांचं भांडण एकाच डोक्यात चालतं, ते मिटवायला विठ्ठलाला सवड नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतल्या एका गुरुवारी हे म्हणाले, “चल, भामचंद्रावर जाऊ. पोरांना मी बघतो, तू वाच.” लग्नाला बारा वर्षं झाली, पण इतकं प्रेमाचं वाक्य त्यांनी उच्चारल्याचं आठवत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास गेला, त्यात अकरा पानं झाली. ट्रॅफिकला सगळे शिव्या देतात. मी मनातल्या मनात आभार मानले. एमआयडीसी आता पार शिंदे-वासुलीपर्यंत, डोंगराच्या पायथ्याला येऊन ठेपली आहे. वाळलेल्या गवतातून आम्ही चढलो, सगळ्यांच्या पायमोज्यांना कुसळं. मी हात मोकळे घेऊन पुढं. डबा, पाण्याच्या बाटल्या आणि खांद्यावर धाकटा असे हे मागं.

वर सावलीला बसून मी संमेलनातलं ते बिलवालं पुस्तक काढलं, पान सतरा उघडलं. खाली पत्र्यांची लांबच लांब छपरं उन्हात चमकत होती. पोरं कुठलं छप्पर बाबांच्या कंपनीचं यावर भांडत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं, जरा बघ ना, पायात काटा गेलाय.”

हे एका पायावर उभे होते, हातात पोळी-भाजीचा डबा तसाच.

“अहो, थांबा जरा,” मी म्हटलं, “एवढं पान संपू दे.”