न काढलेल्या तिकिटाची वाटणी

युरोपातले नऊ देश मिळून युरोमिलियन्स नावाची लॉटरी चालवतात. पन्नासांतले पाच आणि बारांतले दोन आकडे जुळले की जॅकपॉट. अशा जुळण्या होतात १३ कोटी ९८ लाखांच्या वर. म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या अख्ख्या महाराष्ट्रानं, तान्ह्या बाळांसकट, माणशी एकेक वेगळं तिकीट काढलं तरी अडीच कोटींवर जुळण्या शिल्लक राहतात. आणि आपलं नशीब बघता जॅकपॉट नेमका त्या शिल्लक ढिगात असणार.

आमच्या कल्याणजवळच्या मोहन्यातल्या चहाच्या टपरीवर हा हिशेब सांगून उपयोग नाही. तिकडची तिकिटं इथे कुठल्या दुकानात मिळत नाहीत, ही अडचणही तिथे कुणी मनावर घेत नाही. लागेल का, हा प्रश्नच नसतो. लागली तर वाटायची कशी, एवढंच ठरायचं असतं. २०२२ साली कॅलिफोर्नियात पॉवरबॉलच्या एकाच तिकिटाला २०४ कोटी डॉलर लागले, तेव्हा रुपये करताना शून्यं किती यावरूनच दोघांचं वाजलं. मग एकानं गावच्या देवळाला कळस चढवला. दुसऱ्यानं मेव्हण्याला पाच लाख दिले आणि लगेच दोन परत घेतले, कारण लग्नातला मानपान आठवला. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे बक्षिसावर तीस टक्के टॅक्स कापतात. त्यावर मंडळी खरोखर हळहळली.

परदेशातल्या आकड्यांवर पैसे लावणं आपल्याला नवं नाही म्हणा. मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावांवर चालायचा; ते भाव यायचे थांबले तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात गेल्या. पुढे गाजलेला ‘कल्याण’ हा कल्याणजी भगत यांचा, मुंबईचा. आमच्या कल्याणचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, तरी बाहेरगावचा पाहुणा डोळा मिचकावून ‘आज काय येतंय?’ विचारतोच. लोकांना या नादातून सोडवायला सरकारनं १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. म्हणजे नाद राहिला, फक्त त्यावर सरकारी शिक्का आला.

अबुधाबीच्या ‘बिग तिकीट’चं महागडं तिकीट तिथले मल्याळी कामगार दहा-वीस जणांत वर्गणी काढून घेतात आणि लागलं तर वाटूनही घेतात. हे मला जॅकपॉटपेक्षा अवघड वाटतं. आमच्याकडे मंडळाच्या वर्गणीचा हिशेब मिटेपर्यंत पुढचा गणपती येतो.

पण मोहन्यातल्या या गप्पांना आणखी एक किनार आहे. इथली एनआरसी, रेयॉन बनवणारी कंपनी, २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकून राहिली. पाळ्या करून, घाम गाळून कमावलेला पैसा. पण बोलणं व्हायचं ते लॉटरीसारखं. कधी लागणार, किती लागणार, पुढच्या तारखेला काहीतरी नक्की. हक्काच्या पैशाबद्दल माणसं ‘बघू’ म्हणायची, आणि न काढलेल्या तिकिटाचे कोट्यवधी रुपये मात्र दुसरा चहा यायच्या आत वाटून मोकळी व्हायची.

पॉवरबॉलची वाटणी चालली होती तेव्हा कोपऱ्यात एक जुने कामगार गप्प बसून होते. ‘काका, तुम्ही काय करणार एवढ्या पैशांचं?’ कुणीतरी विचारलं. ते बशीतला चहा संपवत म्हणाले, ‘आधी वकिलाची फी देऊन टाकीन.’

मंडळींनी ती रक्कम टॅक्स न कापता मंजूर केली.